सॉसेजचे लोणचे: व्हिनेगरमधले की तेलातले?

पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटच्या परिसरातून आणलेल्या सॉसेजचे लोणचे घरी दोन पद्धतींनी घालता येते. पहिल्या पद्धतीत पूर्ण शिजवलेले सॉसेज, कांद्याच्या चकत्या, मिरी आणि तमालपत्र काचेच्या बरणीत भरून त्यावर 5 टक्के आम्लतेचे व्हिनेगर, थोडे पाणी, मीठ व साखर यांचे उकळते मिश्रण ओततात. दोन-तीन दिवसांत आंबटपणा आतपर्यंत मुरतो. थंडीने वर चरबीचा पांढरा थर धरला, तर तो बिघाड समजू नये.

दुसरी पद्धत आपल्या हाताच्या सवयीची: तुकडे खरपूस परतून मोहरीची डाळ, हिंग, हळद आणि तिखट घातलेल्या तेलात कालवायचे. चवीला हीच सरस, भाकरीबरोबर तर विचारायलाच नको. मात्र कैरीच्या लोणच्याचा हिशेब येथे चालत नाही. कैरी मुळातच आंबट असते, मांस तसे नसते. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका जास्त, तितका आंबटपणा कमी) 4.6 च्या वर राहिला, तर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जिवाणू तेथे वाढू शकतात. त्यामुळे माझे झुकते माप व्हिनेगरलाच आहे. तेलातले करायचेच असेल, तर थोडेच करून तीन-चार दिवसांत संपवावे. बरणी दोन्ही वेळा फ्रीजमध्येच ठेवावी, फडताळात नव्हे.