गुहेच्या मोजणीची वही: राइट इन द रेन घ्यावी की प्लास्टिकच्या पानांची?

मेघालयात जैंतिया टेकड्यांमधल्या क्रेम लियात प्राहसारख्या ३० किलोमीटरहून लांब गुहेत वही भिजते, त्याहून जास्त ती चिखलाने माखते. वही निवडताना हे हमखास विसरलं जातं.

राइट इन द रेन या ब्रँडच्या वहीचा कागद लाकडाच्या लगद्याचाच, फक्त त्यावर पाणी न धरणारा लेप असतो. ओल्या पानावरही पेन्सिल छान उठते, आणि एवढ्यासाठीच ही वही आम्हाला आवडते. साधं बॉलपेन तिथे अडतं, जेलची शाई ओघळते. खोडरबर तर नेऊच नये, कारण आकडा आणि माती एकत्र कालवले जातात. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा.

पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, पानं सहजासहजी फाटत नाहीत, नळाखाली धुता येतात. पण ती गुळगुळीत असल्यामुळे २बीचं मऊ शिसं फरफटतं, एचबी बरं. ०.५ मिमीचं शिसं गारठलेल्या हातात सारखं मोडतं, म्हणून ०.९ची पेन्सिल घ्या आणि दोरीने वहीलाच बांधा.

बांधणीकडे मात्र नीट लक्ष द्या. लोखंडी स्पायरल कंपासजवळ (होकायंत्राजवळ) आली की सुई ढळते. २० मीटरच्या टप्प्यात (मोजणीच्या दोन बिंदूंमधल्या अंतरात) एका अंशाची चूक म्हणजे टोकाला ३५ सेंटीमीटर! डिस्टोएक्समध्येही (लेसरने अंतर, दिशा आणि कल मोजणारं उपकरण) चुंबकीय कंपासच असतो, तेव्हा मोजमाप घेताना वही लांब धरा. सहा कड्यांच्या वहीतली पानं रोज काढून तळावर ठेवता येतात. पुढे वही हरवली तरी आधीची मोजणी वाचते. कड्यांत चिखल बसला की त्या नीट मिटत नाहीत आणि कागदी पानांची भोकं फाटतात. अशा वहीत प्लास्टिकचीच पानं घाला.

चौकटी ५ मिमीच्याच हव्यात. १:२०० प्रमाणाला एक चौकट म्हणजे बरोबर १ मीटर. इंचाच्या चौकटींवर प्रत्येक टप्प्याला हिशेब करत बसावं लागतं. डाव्या पानावर स्टेशन (मोजणीचा बिंदू), अंतर, दिशा, कल आणि स्टेशनपासून गुहेच्या भिंती, छत आणि जमिनीपर्यंतची डावी-उजवी-वर-खाली अशी चारही अंतरं, उजव्या पानावर नकाशा.

पोहत जायच्या गुहेसाठी प्लास्टिक, बाकी ठिकाणी राइट इन द रेन. दोन्हींची पानं त्याच संध्याकाळी, चिखल सुकायच्या आत, स्वच्छ पाण्यात हलवून काढा आणि लगेच प्रत्येक पानाचा फोटो घ्या. वाळलेला चिखल घासला तर त्याबरोबर पेन्सिलही निघते.