शेलचेक: टंकताना उलटलेली दोन अक्षरे शोधून देणारे साधन

आमच्या कार्यालयात रात्री चालणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम सुरू होताक्षणीच बंद पडू लागला. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) एवढीच अक्षरे आणि प्रोग्रॅम बंद होताना मिळणारा आकडा, म्हणजे एक्झिट कोड, १३९. जीडीबी या दोषशोधक साधनात कोअर फाइल (बंद पडतानाच्या मेमरीची नोंद) उघडून बॅकट्रेस, म्हणजे फंक्शनांच्या हाकांचा क्रम, पाहिला, तेव्हा मजकुराची लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन मेमरीतल्या शून्य पत्त्यावर वाचायला जात असल्याचे दिसले आणि आम्ही दोन दिवस सी कोडची ओळन् ओळ तपासत बसलो.

मूळ मात्र प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये (टर्मिनलच्या कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये; त्या कमांड ‘शेल’ वाचून चालवते) होते आणि ते शेलचेकने दाखवले. विडार होलेन यांनी हॅस्केल या भाषेत लिहिलेले हे मुक्त साधन स्क्रिप्ट न चालवताच वाचते व दोष असलेली ओळ छापून तिच्याखाली नेमक्या जागी खूण करते. आमच्या एकाच शब्दाखाली दोन खुणा उमटल्या. पहिली, एससी २१५४ (शेलचेकच्या प्रत्येक सूचनेला असा क्रमांक असतो): या व्हेरिएबलला, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावाला, कुठेही मूल्य दिलेले नाही, पुढे आम्हाला अभिप्रेत असलेले खरे नावही सुचवले होते. कमांड टंकताना शेवटची दोन अक्षरे उलटली होती. दुसरी, एससी २०८६: अवतरणचिन्हे नाहीत. क्रॅशचा उलगडा या दुसऱ्या सूचनेने झाला, कारण अवतरणचिन्हे नसलेले रिकामे व्हेरिएबल शेल गाळूनच टाकते, त्यामुळे प्रोग्रॅमला फाइलचे नाव मिळालेच नाही आणि त्याने नल पॉइंटर (कशाकडेही न दाखवणारा शून्य पत्ता) तसाच ‘स्ट्रलेन’कडे सोपवला. अवतरणचिन्हे असती, तर ‘फाइल सापडली नाही’ असा सरळ संदेश आला असता.

२०११ मध्ये बम्बलबी या लिनक्सवरील ग्राफिक्ससाठीच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’ या प्रणालीच्या प्रोग्रॅमांच्या डिरेक्टरीच्या नावानंतर एक मोकळी जागा जास्त पडली आणि ती संपूर्ण डिरेक्टरी पुसण्याची कमांड तयार झाली, तसल्या चुकीसाठीही शेलचेकमध्ये एससी २११४ ही सूचना आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. झेडशेल या वेगळ्या शेलच्या स्क्रिप्ट हे साधन तपासत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-३ ही फाइल साठवण्याची सेवा कोलमडली, ती कमांडला दिलेले एक इनपुट चुकल्यामुळे. व्याकरणात बसणारे असे चुकीचे मूल्य शेलचेकला ओळखता येत नाही. तरीही उबुंटूवर ‘ॲप्ट’ या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने मिनिटभरात बसणारे हे साधन मी प्रत्येक सहकाऱ्याला आग्रहाने सुचवतो. आमच्याकडे आता कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये (प्रत्येक नोंदीआधी आपोआप होणाऱ्या तपासणीत) ते लावले असून त्याची तपासणी पार केल्याखेरीज एकही स्क्रिप्ट पुढे जात नाही.