जमीन आपल्याच नावावर ठेवून रान राखायचं तर: ईझमेंट, मुदतीचा करार की दान?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात तुमचं शेत आहे, ओढ्याकाठी ओकचं जुनं रान आहे आणि आपल्यामागे तिथे प्लॉट पडू नयेत असं मनापासून वाटतं. अशा वेळी तीन वाटा समोर येतात.

कॉन्झर्व्हेशन ईझमेंटमध्ये मालकी तुमचीच राहते. जमीन कसा, विका, मुलांना द्या. तुकडे पाडायचा आणि वाटेल तसं बांधायचा हक्क मात्र तुम्ही कायमचा सोडता. तो करार लँड ट्रस्टशी, म्हणजे जमिनी राखणाऱ्या खासगी संस्थेशी होतो, किंवा १९६६ पासून काम करणाऱ्या व्हर्जिनिया आउटडोअर्स फाउंडेशन या सरकारी संस्थेशी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो, तशी काउंटीच्या दप्तरी नोंद होते आणि पुढचा प्रत्येक मालक तिला बांधील राहतो. लोकांना आत फिरू देण्याची सक्ती सहसा नसते.

पैशाचं गणित असं: समजा, दहा लाख डॉलरची जमीन बंधनानंतर सहा लाखांची झाली, तर ही चार लाखांची घट हेच तुमचं दान धरलं जातं. फेडरल, म्हणजे केंद्राच्या करात वर्षाला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. उरलेली पुढे १५ वर्षं वापरता येते. शिवाय व्हर्जिनिया दानाच्या ४० टक्के राज्यकराचं क्रेडिट, म्हणजे थेट करातून सूट देतं आणि ते विकताही येतं. पण कुणी ‘थोडे गुंतवा, कितीतरी पट वजावट घ्या’ म्हणत भागीदारी घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२२ अखेरच्या कायद्याने अशा योजनांमधली गुंतवणुकीच्या अडीचपटीवरची वजावट बहुतांशी बंद केली आहे.

मुदतीचा करार म्हणजे १९८५ पासूनचा कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. दहा ते पंधरा वर्षं जमीन गवताझाडांखाली ठेवायची, सरकार वर्षाला भाडं देतं. तो मुख्यतः पिकाखालच्या जमिनीसाठी आहे, त्यामुळे तुमचं रान त्यात बसेलच असं नाही. मुदत सरली की जमीन पुन्हा मोकळी. मुलांचं काहीच ठरलं नसेल, तर शेतापुरता हा बरा.

तिसरी वाट, अख्खी जमीनच दान केली की देखभालही सुटते आणि मालकीही. हयातभर राहण्याचा हक्क राखता येतो. जमीन सांभाळणारं मागे कुणी नसेल तरच मी हे सुचवेन.

माझा कौल ईझमेंटला, पण मुलांना समोर बसवून मसुदा ओळीओळीने वाचल्यावरच. उद्या लेकीला तिथे घर बांधायचं असेल, तर ती जागा आजच नकाशावर आखून घ्या. सही झाल्यावर ती मिळवणं जवळपास अशक्य. वकील आणि मूल्यांकन करणारा, दोघेही ईझमेंटची कामं केलेले हवेत. आणि ट्रस्टचा माणूस दरवर्षी पाहणीला येईल, हेही मुलांना आत्ताच सांगून ठेवा.