गोव्यातील मोफत कायदा सेवा: एका फौजदारी प्रकरणातील अनुभव

फौजदारी गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे गोव्यात अनेकांनी ऐकलेले असते; तो वकील प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतो, याविषयी मात्र अनुभवातून फारसे लिहिले जात नाही. जत्रेच्या रात्री झालेल्या मारामारीवरून माझ्या भाच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचा, गुन्हा नोंद झाला आणि त्याचा बचाव तालुक्याच्या विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलांनी हाती घेतला. त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे.

सेवा मिळवणे सोपे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, महिला, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. साधा अर्ज पुरतो आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

या सेवेचा खरा कस पहिल्या भेटीत लागला. नेमलेल्या वकीलबाईंनी त्या रात्री काय घडले हे विचारण्याआधी भाच्याच्या हातात कोणते कागद दिले गेले आणि ते कोणत्या भाषेत होते, हे विचारले. अटकेची कारणे आरोपीला कळवणे हे संविधानाच्या अनुच्छेद २२(१) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४७ खाली बंधनकारक आहे, आणि ती लेखी स्वरूपात, त्याला समजेल अशा भाषेत दिली गेली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह प्रकरणात स्पष्ट केले आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी कागद दिला गेला होता, आणि हा मुद्दा वकीलबाईंनी दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच सुनावणीत मांडला. त्याच वेळी त्यांनी असेही दाखवून दिले की ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यात अटक सरसकट करता येत नाही. अटक आवश्यक का, याची कारणे पोलिसांनी नोंदवावी लागतात, एरव्ही याच सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहण्यास सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हाच दंडक आहे, आणि ११८(१) ची कमाल शिक्षा तर तीनच वर्षे आहे. भाच्याला जातमुचलका आणि एक जामीनदार यांवर जामीन मिळाला. (गोव्याचा कौटुंबिक कायदा वेगळा असला तरी फौजदारी कायदा देशभराचाच आहे, म्हणून हे हक्क येथेही तंतोतंत लागू होतात.)

सेवेची मोठी उणीवही इथेच आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क सुरक्षा संहितेचे कलम ३८ देते, पण पोलीस स्थानकात त्या रात्री हे कोणी सांगितले नाही आणि समितीचा वकील पोहोचला तो थेट न्यायालयात. ज्या तासांत माणूस सर्वाधिक घाबरलेला असतो, त्याच तासांत ही सेवा गैरहजर राहते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेता येत नाही, एवढे जरी आधी कळले असते तरी भाच्याची धास्ती बरीच कमी झाली असती. मध्यंतरी वकील बदलले आणि सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागली, हेही खटकले.

तरीही दोषारोपपत्राची प्रत हाती आल्यावर नव्या वकिलांनी जे मार्गदर्शन केले, त्याला तोड नाही. कागदपत्रे मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सुटण्याचा, अर्ज करता येतो, पण जखमीचा वैद्यकीय अहवाल पाहता तो टिकणे कठीण आहे, असे त्यांनी आधीच सांगितले. गुन्हा कबूल करून तडजोडीने शिक्षा कमी करून घेण्याचा मार्गही त्यांनी समजावला, मात्र त्यात दोषसिद्धीची नोंद राहते आणि बोटीवरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलाला ती आड येऊ शकते, याची जाणीव स्पष्ट शब्दांत करून दिली. उरला तो स्वसंरक्षणाचा बचाव, आणि तोच त्यांनी निवडला. अशा बचावात आरोपीने संशयापलीकडचा पुरावा देण्याची गरज नसते. घटना त्याच्या म्हणण्याप्रमाणे घडली असण्याची शक्यता अधिक आहे, इतके दाखवले तरी पुरते. त्यासाठी भाच्याच्या स्वतःच्या जखमांची वैद्यकीय नोंद आणि जत्रेतील दुकानदारांच्या साक्षी वेळेत मिळवाव्या लागल्या.

खासगी वकील परवडणाऱ्यांनीही आधी इथे चौकशी करावी, असे मी मनापासून सांगेन. जाताना अटकेचे ज्ञापन (अरेस्ट मेमो), एफआयआरची प्रत, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि घरच्यांना अटकेची खबर केव्हा दिली गेली याची नोंद सोबत असावी. नेमलेले वकील पहिल्या भेटीत याच चार गोष्टी मागतात.