गुडघा दुखतोय, पण दोष गुडघ्याचा नाही

या हाडांच्या दवाखान्याला चार स्टार. पाचवा का कापला ते शेवटी सांगतो.

मी सातारचा, एसटीतून निवृत्त कंडक्टर. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून वर्ष उलटलं तरी दुखणं हटेना. जिथं ऑपरेशन झालं तिथं ‘एक्स-रे ओके आहे, व्यायाम करा’ एवढंच ऐकवायचे. मग दुसऱ्या एकांनी काही न तपासताच अँटिबायोटिक सुरू केलं.

इथल्या डॉक्टरांनी आधी त्या गोळ्या बंद केल्या. त्या अंगात असल्या की जंतू असूनही कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढतात का बघायच्या तपासणीत, उगवत नाहीत म्हणे. बदललेला सांधा दुखतोय म्हटलं की पहिला संशय इन्फेक्शनचा. सैल झालाय का, तिरका बसलाय का, हे त्यानंतर. रक्ताचे ईएसआर-सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या) झाले, दोन आठवडे थांबून गुडघ्यातलं पाणी काढलं. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 3000 च्या वर गेल्या तर काळजी. माझ्या बऱ्याच खाली. कल्चर 14 दिवस ठेवलं, काही उगवलं नाही.

मग टेबलावर आडवं करून मांडी उचलली, गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल हळूच बाहेर फिरवलं. कळ आली ती थेट जांघेत! ओरडलोच मी.

‘काका, मोजे घालताना त्रास होतो?’

होतो की. बायकोच घालून देते.

कमरेचा एक्स-रे काढला तर खुबा पार झिजलेला. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, कारण दोन्हीकडे एकाच नसेच्या फांद्या जातात. तरी खात्री करायला सोनोग्राफीत बघून खुब्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं त्यांचाच जिना चढून-उतरून आलो, गुडघा गप्प! संध्याकाळी भूल उतरली, ठणका परत आला. पण चोर सापडला होता, त्यामुळे झोप बरी लागली.

गुडघा पुन्हा उघडू म्हणणारेही भेटले होते हो. हे म्हणाले, कारण कळल्याशिवाय मी हत्यार लावत नाही. खुब्याचं काय करायचं ते पुढं बघू. सध्या काठी, तीही डाव्या हातात. उजव्या खुब्याला उलट्या हाताची काठी लागते, हे इथंच कळलं.

जाताना ऑपरेशनच्या आधीचे एक्स-रेसुद्धा न्या, आणि डिस्चार्जच्या फाइलीतलं इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या सांध्याचं, स्टिकर.

आता पाचवा स्टार. हाडांचा दवाखाना, आणि खाली संडास भारतीय पद्धतीचा! कमोड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.