कर्करोगाच्या स्क्रीनिंग तपासण्या : कोणती निःशंकपणे करावी, कोणती विचार करून

कोणतीही तक्रार नसताना कर्करोग शोधण्यासाठी केल्या जाणाऱ्या तपासण्या बहुधा एकाच यादीत मांडल्या जातात, त्यामुळे त्या सगळ्या सारख्याच उपयोगाच्या असाव्यात असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्या उपयुक्ततेत मोठी तफावत आहे. तपासणीत कर्करोगापूर्वीची अवस्था सापडते, की झालेला कर्करोगच थोडा आधी सापडतो, यावर ही उपयुक्तता बरीचशी अवलंबून असते.

गर्भाशयमुखाची तपासणी या कसोटीवर सर्वांत वरचढ ठरते. एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे १५ ते २० वर्षे जातात आणि मधल्या काळात बिघडलेल्या पेशींचा भाग किरकोळ उपचाराने नाहीसा करता येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासात केवळ एकदा एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीच्या) गटात मात्र तितका ठोस फरक दिसला नाही. म्हणून दोन्ही उपलब्ध असतील तर तिशीनंतर एचपीव्ही तपासणीच निवडावी. अहवाल निर्दोष आल्यास ती पाच ते दहा वर्षांनी पुन्हा केली तरी चालते.

मोठ्या आतड्याबाबत निवड दोन पद्धतींत आहे. शौचातील अदृश्य रक्त शोधणाऱ्या तपासणीसाठी घरीच छोट्या काडीने नमुना घेऊन बाटलीत भरायचा असतो, पण ती दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते. मात्र कॅमेऱ्याच्या नळीने आतडे पाहताना आढळलेला पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढता येतो आणि सारे ठीक असल्यास दहा वर्षे पाहावे लागत नाही. २०२२ मधील एका मोठ्या युरोपीय अभ्यासात कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक आले, हे पाहता जी तपासणी आपल्या हातून खरोखर होईल ती चांगली, असे माझे मत आहे. शौचात रक्त सापडल्यावर पुढची कोलोनोस्कोपी टाळणाऱ्याला मात्र पहिल्या तपासणीचा काहीच उपयोग नाही.

मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, हिशेब अधिक अवघड आहे. ब्रिटनमधील स्वतंत्र समितीने २०१२ साली असा अंदाज मांडला की, पन्नाशीपासून वीस वर्षे १०,००० स्त्रियांना तपासणीसाठी बोलावल्यास ४३ मृत्यू टळतात, पण १२९ जणींना असा कर्करोग सापडतो की जो एरवी आयुष्यभर त्रास देता ना. लाभ खरा आहे, मात्र त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल हे आधी कळत नाही. पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीच्या पीएसए रक्ततपासणीत हे पारडे आणखी कलते : युरोपीय अभ्यासात सोळा वर्षांनंतर, टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे १८ जणांचे जादा निदान झाले होते. त्यामुळे ती करण्यापूर्वीच, सौम्य कर्करोग सापडल्यास लगेच शस्त्रक्रिया न करता देखरेखीखाली राहण्याची आपली तयारी आहे का, हे ठरवावे.

फुप्फुसांचा कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन दीर्घकाळ, भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठीच आहे. अशा लोकांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. लक्षणे नसताना थायरॉइडची सोनोग्राफी तर करूच नये : दक्षिण कोरियात निदानाचे प्रमाण १९९३ ते २०११ या काळात पंधरापट झाले, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले.

जाहिरातींतील ‘निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण’ पाहून निर्णय घेऊ नये. सत्तराव्या वर्षी दगावणाऱ्या रुग्णाचे निदान सदुसष्टाव्या ऐवजी त्रेसष्टाव्या वर्षी झाले, तर आयुष्य एका दिवसानेही न वाढता तो त्या प्रमाणात मोजला जातो. मृत्यू घटले का, हेच विचारावे. वयाचाही विचार हवा, कारण स्तन आणि आतड्याच्या तपासणीचा लाभ पदरात पडायला सुमारे दहा वर्षे लागतात, तर बायॉप्सी (तपासणीसाठी पेशींचा तुकडा काढणे) आणि जादा उपचारांचा त्रास लगेच सुरू होतो.