सातवीच्या वर्गात ऊर्जेसाठी काय न्यायचं, डायनॅमो की सोलर कुकर?

ऊर्जा एका रूपातून दुसऱ्यात कशी जाते हे दाखवायला एकच काहीतरी करायला वेळ आहे, मग काय करू, असं एका शिक्षक मैत्रिणीने विचारलं.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही स्वस्तच. कुकरला पुठ्ठ्याचा खोका, फॉइल, काच आणि काळा रंग, बस. डायनॅमो, म्हणजे सायकलच्या चाकाला टेकून फिरतो आणि दिव्याला वीज देतो तो ६ व्होल्टचा बाटलीसारखा, जुन्या सायकलच्या दुकानात मिळतो.

टिकाऊपणात डायनॅमो सरळ पुढे, पुठ्ठा एका पावसाळ्यात फुगतो. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे कुकर म्हणजे नुसता शोभेचा डबा.

खरा फरक पोरांना काय कळतं यात आहे. सायकल स्टँडवर लावा, एकाला पेडल मारायला बसवा आणि मध्येच बल्बची वायर काढा, पेडल लगेच हलकं होतं, परत जोडली की जड, म्हणजे उजेड फुकट येत नाही हे पायालाच कळतं, फळ्यावर लिहायची गरजच नाही. फक्त बल्ब जुना तारेचाच घ्या हां, एलईडीला वीज इतकी कमी लागते की फरक जाणवतच नाही, आणि तारेचा बल्ब गरम होतो तो वेगळा मुद्दा आयताच मिळतो.

कुकरला वेळ लागतो, भाताला दोनेक तास सहज. पण काळा डबा आणि चकचकीत डबा शेजारी ठेवून थर्मामीटरचे आकडे लिहून काढायला तो मस्त.

एकच तास असेल तर डायनॅमो. उन्हाळ्यात अख्खा दिवस आणि गच्ची मिळत असेल, तक्ते-आलेख करून घ्यायचे असतील तर कुकर.